प्लॅटिनम कार्डाचा भाडेकरार: एका विमान कंपनीला सोलापुरातून खुलं पत्र

प्रति,
मा. प्रमुख, सदस्यता विभाग

(कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तुम्हाला कळेलच. दुसऱ्या एखाद्या कंपनीच्या प्रमुखांना हे आपल्यालाच लिहिलंय असं वाटलं, तरी माझी हरकत नाही.)

स. न. वि. वि.

तुमचा मेल आला तेव्हा मी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात, पॅकिंग खात्यात उभी होते. हॅम्बुर्गच्या गिऱ्हाइकाचे टॉवेल वजनाला कमी भरताहेत असं वाटत होतं म्हणून एकेक काट्यावर टाकून बघत होते. मेलचा विषय होता, ‘आपल्यासाठी आनंदाची बातमी’. बातमी अशी की १ ऑक्टोबरपासून माझा दर्जा मी किती उडते यावर नाही, तिकिटाला किती रुपये मोजते यावर ठरणार. आधी साठलेले गुण नव्या हिशेबात बसवून देणार, म्हणजे निम्म्यावर आणणार. आणि हे सगळं माझं एप्रिल ते मार्चचं वर्ष अर्धं सरल्यावर. अगदी खाली बारीक अक्षरात होतं की ३१ मार्चनंतर मी प्लॅटिनमवरून सिल्व्हरवर येण्याची शक्यता आहे.

आमच्या धंद्यात ५०० जीएसएम (चौरस मीटरला ५०० ग्रॅम) ठरलं की ५०० लागतं. निम्मा माल गेल्यावर ‘आता आम्ही ४५० लाच ५०० म्हणणार आहोत, आपल्यासाठी आनंदाची बातमी’ असं गिऱ्हाइकाला कळवता येत नाही. कळवलं तर कंटेनर परत येतो. हे पत्र लिहायचं त्या काट्यापाशीच ठरलं.

तुमच्याकडे माझा फक्त नंबर आहे, म्हणून मी कोण ते सांगते. टेरी टॉवेलच्या कारखान्यात सतरा वर्षं निर्यातीचं काम बघते. नमुने घेऊन जायचं, भाव ठरवायचे, बोलणी खायची, ऑर्डर घेऊन यायचं. जानेवारीत फ्रँकफर्टला हाइमटेक्सटीलचं प्रदर्शन, वसंतात युरोपातली गिऱ्हाइकं, पावसाळ्यानंतर पुन्हा एक फेरी, मधूनमधून दिल्ली. यातली सहा वर्षं तुमचं प्लॅटिनम कार्ड माझ्या पर्समध्ये आहे.

सोलापूरकराचा विमानप्रवास विमानतळावर सुरू होत नाही, हे मुंबईत बसून लक्षात येत नसावं. तो सिद्धेश्वर एक्स्प्रेसच्या साइड अपरवर सुरू होतो, नाहीतर उमरगा-जहिराबादमार्गे हैदराबादच्या रस्त्यावर, पहाटे तीन वाजता, गाडीत मागे डुलक्या घेत. होटगी रोडचं विमानतळ आता चालू झालंय. विमानांच्या वाटेत येणारी सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी १५ जून २०२३ ला पाडली, तिच्यावरून गावात किती भांडणं झाली ते आम्हाला ठाऊक. त्यानंतर ९ जून २०२५ ला गोव्याचं आणि ऑक्टोबरात मुंबईचं विमान सुरू झालं. पण ती विमानं तुमची नाहीत. म्हणजे घरापासून पहिल्या काउंटरपर्यंत तीनशे ते साडेचारशे किलोमीटर मी साधी प्रवासी असते. तिथून पुढे प्लॅटिनम.

तक्रारी करण्याआधी तुमचं चांगलं सांगते. ७० बाय १४० सेंटीमीटरचा ५०० जीएसएमचा एक बाथ टॉवेल म्हणजे ४९० ग्रॅम. प्लॅटिनमला तुम्ही २० किलो सामान जास्त देता, म्हणजे चाळीस टॉवेल. चाळीस नमुने जास्त नेता येणं म्हणजे काय, ते ज्यानं काउंटरवर बॅग उघडून सगळ्या रांगेसमोर टॉवेल काढून नवऱ्याच्या हातात परत दिलेत त्यालाच कळेल. मी दिलेत, कार्ड नव्हतं तेव्हा. ही एक सवलत खरी आणि उपयोगाची आहे.

आणि दुसरं, ज्याचा मला थोडा संकोच वाटतो. पहिल्यांदा ‘प्लॅटिनम सदस्यांनी आधी यावं’ अशी घोषणा झाली आणि मी उठले, तेव्हा मागच्या रांगेत आमच्याच गावचे एक बडे कारखानदार उभे होते. मी वळून पाहिलं नाही. पण पाठीला डोळे फुटले होते. तुम्ही नेमकं हेच विकता, आणि मी ते आनंदानं घेतलं.

आता त्याची किंमत.

गेल्या जानेवारीत फ्रँकफर्टहून परतीचं तुमचं विमान तांत्रिक बिघाडानं रद्द झालं. मी कार्डावरच्या खास नंबरवर फोन लावला. पन्नास मिनिटं सनई ऐकली. तेवढ्या वेळात इचलकरंजीचा एक पोरगा, आयुष्यात दुसऱ्यांदाच विमानात बसणारा, साध्या काउंटरच्या रांगेत उभा राहून दुसऱ्या कंपनीच्या विमानाचं तिकीट घेऊन मोकळा झाला. मलाही शेवटी त्याच विमानात जागा मिळाली, दुसऱ्या दिवशीची, त्याच्या मागे दोन रांगा. युरोपातून सुटणारं लांब पल्ल्याचं विमान असं ऐनवेळी रद्द झालं तर कंपनीनं माणशी ६०० युरो द्यायचे, असा तिकडचा २००४ चा नियम आहे. त्याला ६०० मिळाले, मलाही ६००. कायद्याला माझ्या कार्डाचा रंग दिसला नाही. आपल्याकडे डीजीसीएचा, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, नियमही तसाच आहे. पुरेशी आगाऊ सूचना न देता दोन तासांहून लांबचं उड्डाण रद्द केलं आणि कंपनीला टाळता येण्यासारखं कारण असलं, तर १०,००० रुपये किंवा मूळ भाडं अधिक इंधन अधिभार, यातलं जे कमी ते, सगळ्यांना सारखंच. अडकल्यावर माणसाला जे खरोखर लागतं ते कायद्यातून येतं, कार्डातून नाही. मला हे सहा वर्षांनी कळलं आणि त्या पोराला रांगेत.

पण गोष्ट इथे संपली नाही. परत आल्यावर पाहिलं तर त्या परतीच्या प्रवासाचे गुण शून्य. विचारलं, तर उत्तर आलं, ‘आपण आमच्या विमानाने प्रवास केलेला नाही.’ अहो, तुमचं विमान असतं तर केला असता की. दुसऱ्या काही कंपन्यांत अशा वेळी मागितल्यावर मूळ तिकिटाप्रमाणे गुण देतात. तीन मेल केले, तिन्हीला तेच उत्तर, खाली वेगवेगळी नावं.

त्या शून्यामुळे मार्चअखेर मी प्लॅटिनमच्या उंबरठ्यावर थोडक्यात कमी पडत होते. तेव्हा मी जे केलं ते लिहायला लाज वाटते, पण लिहिते. मी मुंबईहून चेन्नईला गेले आणि त्याच संध्याकाळी परत आले. काम काही नाही. माझे स्वतःचे १४,६०० रुपये. चेन्नईत विमानतळाच्या बाहेर पाऊलसुद्धा टाकलं नाही. लाउंजमध्ये दोन इडल्या खाल्ल्या, त्याही गार, आणि उलट्या दिशेच्या विमानात बसले. सकाळचीच हवाई सुंदरी होती. तिनं ओळखलं, हसली, काही विचारलं नाही. मला वाटतं तिनं अशी माणसं बरीच पाहिली असावीत.

घरी सासूबाईंनी विचारलं, “चेन्नईत काय होतं गं?”

“काही नाही. कार्ड टिकवायला.”

त्या बराच वेळ गप्प. मग म्हणाल्या, “एसटीचा पास वाया जाऊ नये म्हणून कुणी उगाच अक्कलकोटला जाऊन येतं का? आणि अक्कलकोटला गेलं तर निदान स्वामींचं दर्शन तरी होतं.”

सहा महिन्यांनी तुमची आनंदाची बातमी आली.

याहून वाईट गोष्ट मी मालकांना स्वतः जाऊन सांगितली, म्हणून इथेही सांगते. दोन वर्षांपूर्वी फ्रँकफर्टचं तिकीट काढताना दुसऱ्या एका कंपनीचं तिकीट अकरा हजारांनी स्वस्त होतं. वेळही तीच, उलट एक थांबा कमी. मी तुमचंच काढलं. कारण तिकीट मालकांच्या पैशाचं आणि गुण माझ्या नावावर. तुमची सगळी योजना उभी आहे ती याच फटीवर. पैसे देणारा एक, निवडणारा दुसरा, आणि निवडणाऱ्याच्या खिशात तुम्ही काहीतरी सरकवता. आमच्याकडे सूत खरेदी करणाऱ्या माणसाला गिरणीवाल्यानं असं काही दिलं, तर त्याला सरळ शब्द आहे. तुम्ही त्याला निष्ठा म्हणता.

मालक रागावले नाहीत. हिशेबाच्या वहीवर बोट ठेवून एवढंच म्हणाले, “अकरा हजार म्हणजे शिलाईतल्या बाईचा महिना झाला की ओ.” ते बोट मला अजून दिसतं. ती चूक तुमची नाही, माझी आहे, आणि फरकाची रक्कम मी पगारातून वळती केली. पण निर्यातदार मंडळींनी हे वाचावं म्हणून लिहिते. आपला मॅनेजर कुठल्या विमानानं जातो आणि का, हे एकदा विचारा.

बाकीच्या तक्रारी थोडक्यात.

तुम्ही वर्षाला चार कुपनं देता, वरच्या वर्गात बसण्याची. सहा वर्षांत माझी दोन लागली. स्वस्तातल्या तिकिटाला ती चालतच नाहीत, महाग भाड्याचं तिकीट आधी काढावं लागतं. म्हणजे फुकटच्या खुर्चीसाठी आधी जास्त पैसे भरायचे, आणि मग ‘या उड्डाणावर जागा शिल्लक नाही’ हे ऐकायचं. एकदा तर शिल्लक नसलेल्या जागांपैकी पाच मला पडद्याच्या फटीतून रिकाम्या दिसत होत्या.

लाउंजबद्दल काय बोलावं. बँकेचं कार्ड घासून दोन रुपये कापले की जिथे आत जाता येतं, त्याच लाउंजमध्ये बहुतेक ठिकाणी तुम्ही प्लॅटिनमला पाठवता. रांग दाराबाहेर. त्या रांगेतल्या लोकांबद्दल माझी तक्रार नाही. त्यांनी दोन रुपयांत मिळवलं ते मी चेन्नईला जाऊन मिळवलं, शहाणं कोण ते उघड आहे.

फुकट तिकिटाला किती गुण लागतील याचा तक्ता तुम्ही काढून टाकलात. आता रोज वेगळा आकडा. सोमवारी मुंबई-दिल्लीला लागतात त्याच्या अडीचपट शुक्रवारी. भाव बदलतो हे मान्य, सुताचाही बदलतो, पण सुताचा भाव मला बाजारात विचारता येतो. तुमचा बाजार तुमच्याच संगणकात आहे.

तुम्ही एकटेच असं करता असं मी म्हणत नाही. हे दुखणं जुनं आणि जगभरचं आहे. अमेरिकन एअरलाइन्सनं १ मे १९८१ ला आपली ॲडव्हान्टेज योजना काढली, तेव्हा कल्पना सरळ होती. जो जास्त मैल उडेल त्याला काहीतरी परत द्यायचं. पुढे बँका शिरल्या. बँक विमान कंपनीकडून मैल रोख पैसे देऊन घाऊक विकत घेते आणि आपल्या कार्डधारकांना वाटते. या धंद्याचा आकार कळला तो २०२० च्या जूनमध्ये. विमानं जमिनीवर उभी होती आणि युनायटेड एअरलाइन्सनं आपली मायलेजप्लस योजनाच तारण ठेवून ५ अब्ज डॉलरचं कर्ज उभारायला काढलं. तारणाची किंमत धरली होती सुमारे २२ अब्ज. त्या वेळी शेअर बाजारात अख्ख्या कंपनीला तेवढी किंमत नव्हती. म्हणजे विमानं हा जोडधंदा, आणि आम्ही, आमची कार्डं, आमची हाव, हा मुख्य.

मग मैल मोजण्यात कुणाला रस राहणार? डेल्टानं सप्टेंबर २०२३ मध्ये जाहीर केलं की दर्जा फक्त खर्चावर ठरेल, आणि सगळ्यात वरच्या डायमंडसाठी वर्षाला ३५,००० डॉलर. सदस्यांनी एवढा गदारोळ केला की महिन्याभरात कंपनीच्या प्रमुखांना आपण जरा जास्तच पुढे गेलो हे मान्य करावं लागलं आणि आकडा २८,००० वर आला. ब्रिटिश एअरवेजनं १ एप्रिल २०२५ पासून गोल्डसाठी २०,००० गुण ठेवले, करांचे पैसे वगळून एका पौंडाला एक गुण. या हिशेबात वर्षाला चार वेळा मागच्या रांगेत बसून जाणारी माझ्यासारखी बाई कुठेच नाही. तसं असेल तर तसं सांगा, मी समजून घेईन. फक्त मधल्या वर्षात सांगू नका.

कोर्टात जावं म्हटलं तर तिथेही जपून. अमेरिकेत मिनेसोटाचे रब्बी (ज्यू धर्मगुरू) गिन्सबर्ग नॉर्थवेस्ट एअरलाइन्सचे प्लॅटिनम सदस्य होते. तक्रारी फार करता, असं म्हणून कंपनीनं २००८ मध्ये त्यांचं सदस्यत्वच काढून घेतलं. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २ एप्रिल २०१४ ला एकमतानं निकाल कंपनीच्या बाजूनं लागला. योजनेच्या अटींतच लिहिलेलं होतं की गैरवापर झाला की नाही हे कंपनीच ठरवणार. तुमच्या अटी मी त्यानंतर पहिल्यांदा पूर्ण वाचल्या. तशीच ओळ तुमच्याकडेही आहे. या पत्रानंतर ती माझ्यावर वापरली जाईल काय, ते बघू.

आणि कंपनीच गेली तर? जेट एअरवेजचं शेवटचं विमान १७ एप्रिल २०१९ ला उडालं. त्यांची सदस्य योजना वेगळ्या कंपनीची होती म्हणून गुण शिल्लक राहिले, पण प्लॅटिनम कार्ड दाखवायला विमानच उरलं नाही.

आता मानाबद्दल, कारण तुमच्या पत्रांत हा शब्द फार येतो. ‘आपला सन्मान’, ‘मानाचे सदस्य’. संक्रांतीच्या सुमाराला आमच्या गावात सिद्धरामेश्वरांची यात्रा असते, आम्ही तिला गड्डा म्हणतो. पांढऱ्या बाराबंदीत माणसं सात नंदीध्वज, म्हणजे उंच, जड काठ्या, पेलत अडुसष्ट लिंगांच्या प्रदक्षिणेला निघतात. कुठली काठी पुढे, कुठली मागे, कुणाच्या हातात कुठला मान, हे पिढ्यान् पिढ्या ठरलेलं आहे. यंदा देणगी कमी दिली म्हणून पहिल्या काठीचा माणूस पाचव्यावर गेला, असं होत नाही. काठी पेलायला महिनाभर आधीपासून सराव करतात, कारण वजन खरं असतं. आम्ही लहानपणापासून मान म्हणतो तो याला.

आणि प्रदर्शन नेमकं तेव्हाच. २०२५ चं हाइमटेक्सटील १४ ते १७ जानेवारीला होतं, म्हणजे इकडे मैदानावर पाळणे फिरायला लागलेले. संमती कट्ट्यावरच्या अक्षता, म्हणजे यात्रेतला प्रतीकात्मक विवाहसोहळा, मी कित्येक वर्षं फोनवर पाहिल्या आहेत, फ्रँकफर्टच्या हॉलमधल्या स्टॉलच्या पडद्यामागे उभी राहून. त्याचं खापर तुमच्यावर फोडत नाही, प्रदर्शन तुम्ही भरवत नाही. पण गेल्या जानेवारीत प्रदर्शन लवकर आटपून मला निदान यात्रेला पोचता येत होतं, आदल्या रात्रीचं दुसऱ्या कंपनीचं विमान होतं. मी ते घेतलं नाही. कशासाठी, ते तुम्हाला माहीत आहे. आणि ज्या परतीसाठी थांबले तेच विमान रद्द झालं.

तर तुम्ही देता तो मान नाही, ती भाड्यानं दिलेली वस्तू आहे. त्यात वाईट काही नाही. निम्मं पुणं भाड्यानं राहतं. पण भाड्याच्या खोलीलाही अकरा महिन्यांचा करार असतो. त्या अकरा महिन्यांत मालक येऊन सांगत नाही की आजपासून स्वयंपाकघर तुमचं नाही आणि भाडं पगाराच्या टक्क्यांत द्या. माझं मागणं एवढंच आहे की हा करार सरळ लिहा.

सदस्यत्वाचं वर्ष चालू असताना नियम बदलू नका. बदल वर्षाच्या सुरुवातीपासूनच लागू करा आणि तो किमान अकरा महिने आधी जाहीर करा. या वर्षी ज्यांचं वर्ष १ ऑक्टोबरला मध्येच कापलंत, त्यांना ३१ मार्चपर्यंत जुना हिशेब लावा.

तुम्ही रद्द केलेल्या प्रवासाचे गुण मूळ तिकिटाप्रमाणे द्या, न मागता. माझे जानेवारीचे अजून बाकी आहेत.

जागा नाही म्हणून कुपन लागलं नाही तर त्याची मुदत वाढवा, आणि दर उड्डाणाला कुपनासाठी किती खुर्च्या राखता ते जाहीर करा. शून्य असेल तर शून्य लिहा.

कारखान्यानं तिकीट काढलं तर गुण कारखान्याच्या नावावर जमा करण्याची सोय तिकीट काढतानाच समोर ठेवा, शोधावी लागेल अशा पानावर नको. माझ्यासारख्यांना मोहात पाडणं थोडं कमी होईल.

वीस किलो जास्त सामान ठरलेल्या वाजवी भावात कुणालाही आधी विकत घेता येऊ द्या. सोलापूर, इचलकरंजी, मालेगावचे व्यापारी तुम्हाला दुवा देतील. आम्हाला टॉवेल न्यायचेत, गादी नको.

आणि डीजीसीएला, हे पत्र त्यांच्यापर्यंत पोचलं तर, एक विनंती. सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या वाहतूक खात्यानं चार मोठ्या विमान कंपन्यांकडून त्यांच्या या योजनांचा हिशेब मागवला, गुणांची किंमत कशी घटते, नियम कसे बदलतात याचा. तसाच हिशेब इथेही मागवा.

मला माझं प्लॅटिनम परत नको आहे. नीट हिशेब मांडला तेव्हा कळलं की ते मिळवण्यात काही अर्थ असेल तर तो एकाच परिस्थितीत. तुम्ही तसंही एवढं उडत असाल, तेही एकाच कंपनीनं, आणि कार्ड नसतं तरी हेच तिकीट काढलं असतं, तर येतंय तेवढं घ्या. खालचा एखादा दर्जा अशा माणसाला आपोआप मिळतो, आणि बॅग, रांग, खुर्ची एवढं त्यात बहुतेक येतं. वरच्या पायरीसाठी मात्र एकसुद्धा जादा विमान पकडू नका, एकही महाग तिकीट घेऊ नका. आमच्या कारखान्यात नुकताच लागलेला एक मुलगा परवा मला कार्ड कसं मिळवायचं ते विचारत होता. त्याला चेन्नईच्या इडल्यांची गोष्ट सांगितली. तो हसला, पण फोनवर तुमचं ॲप उघडंच होतं.

येत्या जानेवारीत स्टॉल मांडायला तोच पुढे जाणार आहे. मी अक्षता झाल्यावर निघेन, जे विमान स्वस्त आणि वेळेचं असेल त्यानं. जादा बॅगेचे पैसे आधीच भरले आहेत.

आपली,
एक सदस्य (३१ मार्चपर्यंत प्लॅटिनम)
सोलापूर

ता. क. तुम्ही तीन वर्षांपूर्वी बॅगेला लावायला पाठवलेला धातूचा बिल्ला सासूबाईंनी गच्चीच्या किल्लीला अडकवला आहे. जड आहे, किल्ली आता हरवत नाही. परत हवा असेल तर कळवा, त्यांना विचारून पाठवते.